ब्राउजरचं होम पेज आपल्या सोयीचं कसं ठेवावं

होम पेज बदललं, तरी क्रोम उघडल्यावर जुनंच पान समोर येतं, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो, बदल चुकीच्या जागी केलेला असतो. ब्राउजरमध्ये तीन निरनिराळी पानं असतात आणि बोलताना आपण तिन्हींना होम पेजच म्हणतो. ब्राउजर सुरू होताना उघडतं ते एक. पत्त्याच्या पट्टीशेजारचं घराचं चिन्ह दाबल्यावर येतं ते दुसरं. अधिकचं चिन्ह दाबून नवा टॅब काढला की दिसतं ते तिसरं. क्रोम आणि एजमध्ये पहिल्या दोघांची सेटिंग्ज वेगळी आहेत. फायरफॉक्समध्ये ती एकाच ठिकाणी बदलतात. नव्या टॅबवर मात्र या तिन्ही ब्राउजरमध्ये आपल्या पसंतीची साइट एक्स्टेन्शनशिवाय, म्हणजे ब्राउजरला वेगळा जोडलेल्या छोट्या प्रोग्रामशिवाय, आणता येत नाही. म्हणून यातलं नेमकं कोणतं पान बदलायचं आहे, ते आधी ठरवा.

पान कोणतं ठेवायचं?

कॉम्प्युटर कोण वापरतं, त्यावर हे ठरतं. सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मुंबई महापालिकेची साइट सोयीची, कारण मालमत्ता कर आणि पाण्याचं बिल तिथेच पाहायचं असतं. जून ते सप्टेंबर हवामान खात्याच्या मुंबई केंद्राचं पान ठेवावं, म्हणजे सकाळी निघण्याआधी पावसाचा इशारा आपोआप नजरेखालून जातो. बातम्यांच्या साइट होम पेज म्हणून आम्ही शक्यतो सुचवत नाही. त्या जड असतात, व्हिडिओ आपोआप सुरू होतात, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालत असेल तर ब्राउजर उघडताक्षणी डेटा खर्च व्हायला लागतो.

लॉगिन केल्यानंतरच्या पानाचा पत्ता कधीही देऊ नका. बँक किंवा रेल्वे आरक्षणाच्या साइटवर आतल्या पानाचा पत्ता त्या बैठकीपुरताच असतो. दुसऱ्या दिवशी तिथे 'सेशन एक्स्पायर्ड' एवढंच दिसतं. साइटचं मुख्य पान उघडा आणि तिथला पत्ता घ्या.

क्रोम (कॉम्प्युटरवर)

१. हवं ते पान उघडून वरच्या पट्टीतला पूर्ण पत्ता कॉपी करा. हाताने टाइप करण्यापेक्षा हे बरं, एका अक्षराच्या चुकीने भलतीच साइट उघडते.

२. उजवीकडे वर तीन उभे ठिपके आहेत, ते दाबून 'सेटिंग्ज'मध्ये जा.

३. डावीकडच्या यादीत 'ऑन स्टार्टअप' निवडा. तीन पर्याय दिसतील: नव्या टॅबचं पान, मागच्या वेळी जिथे होतो तिथून पुढे, आणि 'ओपन अ स्पेसिफिक पेज ऑर सेट ऑफ पेजेस'. तिसरा निवडा, 'अ‍ॅड अ न्यू पेज' दाबा, पत्ता पेस्ट करा.

४. घराचं चिन्ह हवं असेल तर 'अपीअरन्स'मध्ये जाऊन 'शो होम बटन' सुरू करा. खाली पत्त्याचा रकाना येईल, त्यात तोच पत्ता पुन्हा द्यावा लागतो. वरचा पत्ता इथे आपोआप येत नाही आणि सगळा घोळ इथेच होतो.

विंडोजवर ऑल्ट आणि होम ही बटणं एकत्र दाबली तरी होम पेज येतं.

तिसऱ्या पायरीत एकापेक्षा जास्त पानं देता येतात. दोन-तीनवर थांबा. जुन्या, चार जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर आठ टॅब एकदम उघडायला लागले की माउससुद्धा अडखळतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. क्रोमची एक विंडो आधीच उघडी असताना दुसरी काढली, तर तिथे स्टार्टअपचं पान येत नाही, नव्या टॅबचं येतं. सेटिंग तपासायचं तर सगळ्या विंडो बंद करून क्रोम पुन्हा सुरू करा. मॅकवर लाल ठिपका दाबून क्रोम बंद होत नाही, त्यासाठी कमांड आणि क्यू दाबावं लागतं.

फायरफॉक्स, एज, सफारी

फायरफॉक्समध्ये उजवीकडच्या तीन आडव्या रेघांतून 'सेटिंग्ज', मग 'होम'. 'होमपेज अँड न्यू विंडोज' समोर 'कस्टम यूआरएल्स' निवडून पत्ता द्या. पान समोर उघडं असेल तर 'यूज करंट पेज' दाबलं की झालं. दोन पत्ते द्यायचे असतील तर मध्ये उभी रेघ टाका. इथे प्रत्येक नव्या विंडोत होम पेज येतं. तरीही सुरू होताना जुनेच टॅब दिसत असतील, तर 'जनरल'मधल्या 'ओपन प्रीव्हियस विंडोज अँड टॅब्ज'समोरची खूण काढा.

एजची रीत क्रोमसारखीच आहे. त्याच्या सेटिंग्जची मांडणी अपडेटनंतर इकडची तिकडे होते, म्हणून सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत इंग्रजीत 'होम' टाइप करा, नेमकी ओळ सापडते.

मॅकवरच्या सफारीत 'सेटिंग्ज', 'जनरल', 'होमपेज' इथे पत्ता भरतात. पण त्याच्या वर 'न्यू विंडोज ओपन विथ' आहे, तिथेही 'होमपेज' निवडावं लागतं. ते राहिलं तर पत्ता नुसता भरून पडून राहतो.

फोनवर

अँड्रॉइडच्या क्रोममध्ये तीन ठिपके, 'सेटिंग्ज', 'होमपेज', बटण सुरू, आणि पत्ता. फोनवर अ‍ॅप बहुधा शेवटच्या टॅबवरच उघडतं, होम पेज घराच्या चिन्हावर बोट ठेवलं की येतं. आयफोनच्या सफारीत होम पेजची सोयच नाही. तिथे शेअरच्या चिन्हातून 'अ‍ॅड टू होम स्क्रीन' करा, म्हणजे त्या साइटचं चिन्ह फोनच्या स्क्रीनवर बसतं.

स्वतःचंच पान बनवायचं असेल तर

घरातल्या ज्येष्ठांसाठी हा उपाय सगळ्यात उपयोगी, आणि त्याला प्रोग्रामिंग लागत नाही. वर्डमध्ये नवी फाइल घ्या. 'वीजबिल', 'बँक', 'गॅस', 'आजची बातमी' असे शब्द मराठीत, २४ किंवा २८ आकाराच्या अक्षरांत, एकाखाली एक लिहा. एकेक शब्द निवडून कंट्रोल आणि के दाबा आणि त्या साइटचा पत्ता जोडा. मग 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये प्रकार म्हणून 'वेब पेज, फिल्टर्ड' निवडा. फाइलचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. फाइल ब्राउजरमध्ये उघडा, वर 'फाइल' या इंग्रजी शब्दाने सुरू होणारा पत्ता दिसेल. तोच होम पेज म्हणून पेस्ट करा.

नेट बंद असलं तरी हे पान उघडतं. दुसरा फायदा मोठा आहे: बँकेचं नाव गूगलवर शोधून वरच्या जाहिरातीवर क्लिक करणं टळतं. खोट्या 'कस्टमर केअर'ची सुरुवात अनेकदा तिथूनच होते. बँकेचा पत्ता पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०२५ मध्ये बँका 'डॉट बँक डॉट इन' अशा शेवटाच्या पत्त्यांवर गेल्या आहेत, तेव्हा पासबुक जुनं असेल तर शाखेत विचारून खात्री करा.

ही फाइल 'डाउनलोड्स'मध्ये ठेवू नका. साफसफाईत ती उडते आणि होम पेजच्या जागी फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो. तोच संदेश दुसऱ्या कॉम्प्युटरवर दिसला तर कारण वेगळं असतं. क्रोममध्ये एकाच खात्याने दोन्हीकडे सिंक (सेटिंग्ज आणि बुकमार्क सगळीकडे सारखे ठेवणारी सोय) सुरू असेल, तर डोंबिवलीच्या घरी दिलेला पत्ता अंधेरीच्या ऑफिसातही पोहोचतो, फाइल मात्र घरीच राहते. सिंकच्या यादीतून 'सेटिंग्ज' बंद करा, बुकमार्क चालू राहू द्या.

पान आपोआप बदलत असेल तर

फुकटचं पीडीएफ कन्व्हर्टर किंवा व्हिडिओ डाउनलोडर घेतल्यानंतर अनोळखी सर्च पान यायला लागलं, तर आधी एक्स्टेन्शनची यादी पाहा आणि नाव ओळखीचं नसेल ते काढून टाका.

तरीही ते पान येत असेल तर शॉर्टकट तपासा. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'टार्गेट'चा रकाना. तिथे क्रोमच्या फाइलच्या नावापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच पुसा. टास्कबारवरचं चिन्ह वेगळं असतं, ते अनपिन करून पुन्हा पिन करा.

शेवटचा इलाज 'रीसेट सेटिंग्ज'. याने एक्स्टेन्शन बंद पडतात, कुकी (साइटने ब्राउजरमध्ये ठेवलेल्या लॉगिनसारख्या नोंदी) जातात, म्हणजे साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागतं. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड राहतात.

मेनूच्या तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' दिसत असेल आणि पर्याय करडे झाले असतील, तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आयटी विभागाला सांगण्यावाचून मार्ग नाही. घरच्या कॉम्प्युटरवर हीच ओळ आली, तर अँटिव्हायरसने किंवा एखाद्या नको त्या प्रोग्रामने नियम घातलेला असू शकतो. अलीकडे काय इन्स्टॉल झालं, ते कंट्रोल पॅनेलमध्ये तारखेनुसार लावून पाहा.