भित्तिपट विणताना दोन रंगांची सीमा कशी सांभाळावी

भित्तिपट विणायला बसणारे बहुतेक जण आधी चित्र ठरवतात आणि मग त्याला साजेशी लोकर जमवतात. माझ्या मते त्याहीआधी एका प्रश्नाचे उत्तर हाताशी असायला हवे: शेजारचे दोन रंग जिथे भेटतात, तिथे धाग्यांचे काय करायचे? साध्या विणीत बाणा, म्हणजे आडवा धागा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. टॅपेस्ट्रीच्या, म्हणजे अशा चित्रमय भित्तिपटाच्या, विणीत मात्र प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या आकारापुरता जातो आणि तिथूनच माघारी फिरतो. फ्रान्समधील बायो येथील सुमारे ७० मीटर लांबीचा, अकराव्या शतकातील पट टॅपेस्ट्री म्हणून जगभर ओळखला जातो. पण ते लिननच्या कापडावर लोकरीने केलेले भरतकाम आहे. तिथे तयार कापडावर चित्र आले, तर टॅपेस्ट्रीत चित्र आणि कापड एकाच वेळी घडत जातात. म्हणूनच रंगाच्या सीमेवर काही चुकले, तर कापडच कमकुवत होते.

सुरुवातीला ४० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच अशी भक्कम लाकडी चौकट पुरते. वरच्या आणि खालच्या पट्टीवर १ सेंमी अंतराने खिळे ठोकावेत आणि त्यांना वळसे देत ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वरखाली न्यावा. ३० सेंमी रुंदीत असे सुमारे ६० उभे धागे बसतात. ताण्यासाठी चांगला पीळ असलेला सुती दोरा घ्यावा, कारण स्वेटरची लोकर लवचीक असते आणि विणता विणता सैल पडते. दोऱ्याचा रंग कोणताही चालतो, कारण बाणा ठोकून बसवल्यावर ताणा पूर्णपणे झाकला जातो. धाग्यांवरून तळहात फिरवल्यावर सगळे सारखेच ताठ लागले पाहिजेत. पहिले २ सेंमी याच सुती दोऱ्याने विणावेत, म्हणजे पुढच्या कामाला पाया मिळतो.

नवशिक्याचा पट मध्यावर आत ओढला जाऊन डमरूसारखा होतो, याचे कारण बाणा सरळ ताणून घातलेला असतो. उभ्या धाग्यांच्या खालून-वरून जाताना बाण्याला सरळ रेषेपेक्षा जास्त लांबी लागते आणि ती मिळाली नाही, तर तो काठ आत खेचतो. म्हणून बाणा कमानीसारखा चढवून घालावा, ती कमान बोटाने दोनतीन ठिकाणी दाबून तिच्या लहान टेकड्या कराव्यात आणि मगच फणीने ठोकावे. योग्य ढील दिली असेल, तर टेकड्या मुकाट्याने सपाट होतात. लोकरीचे फुगे वर राहिले, तर ढील जास्त झाली असे समजावे. दर पाच सेंमीला रुंदी मोजून पाहणे कंटाळवाणे आहे, पण दोनतीन मिलिमीटरचा फरक वेळीच कळला तर सावरता येतो.

आता सीमेकडे वळू. सर्वांत सोपी रीत म्हणजे चीर. दोन्ही रंग शेजारच्या दोन उभ्या धाग्यांना वळसा घालून परत फिरतात आणि त्यांच्यामध्ये उभी फट राहते. अनातोलियातील (आजच्या तुर्कस्तानातील) किलीम, म्हणजे सपाट विणीचे गालिचे, याच रीतीने विणले जातात. चीर लांबली तर विणकाम कमकुवत होते, म्हणून तिथले विणकर थोड्याथोड्या फेऱ्यांनंतर सीमा एकदोन धागे बाजूला सरकवतात. किलीमवरचे पायऱ्यापायऱ्यांचे चौकट आकार या युक्तीतूनच आले आहेत. चीनमधील केसी या रेशमी विणीतही चिरा असतात आणि तिच्या नावाचा अर्थ ‘कापलेले रेशीम’ असा सांगितला जातो. भिंतीवर टांगायच्या पटात दोनतीन सेंमीपेक्षा लांब चीर ठेवल्यास ती मागून बारीक टाक्यांनी शिवून घ्यावी.

दुसऱ्या रीतीत दोन्ही रंग एकाच उभ्या धाग्याला आळीपाळीने वळसा घालतात. फट राहत नाही, पण त्या धाग्यावर दुप्पट लोकर चढते आणि सीमा लांब व सरळ असेल, तर तिथे उंचवटा येतो. तिसऱ्या रीतीत दोन बाणे उभ्या धाग्यांच्या मधल्या जागेत एकमेकांत अडकवले जातात. दक्षिण स्वीडनमधील रोलाकान या विणीत ही अडकवण दुहेरी असते. पुढून सीमा रेखीव दिसते आणि मागे बारीक वरंबा उमटतो. रीत कोणतीही निवडा, शेजारचे दोन बाणे नेहमी परस्परविरुद्ध दिशांनी चालवावेत, म्हणजे एका फेरीत ते जवळ येतील आणि पुढच्या फेरीत दूर जातील. दोन्ही एकाच दिशेने गेले, तर सीमा सरकवताना एखादा बाणा दोन उभ्या धाग्यांवरून सुटा जातो आणि वीण तिथे बिघडते.

सावली दाखवण्यासाठी मध्ययुगीन युरोपातील विणकर एका रंगाचे लांब, निमुळते दात दुसऱ्या रंगात घुसवत. ही रीत मला सर्वांत जास्त भावते, कारण दोनच रंगांतून लांबून तिसरा रंग दिसतो. एका फेरीत गडद रंग सहा धागे पुढे न्यावा, दुसरीत दोन, तिसरीत पुन्हा पाच, असे अनियमित ठेवले तर चढउतार मऊ होतो.

चित्र उभे विणायचे की आडवे, हेही आधी ठरवावे. युरोपातील मोठे भित्तिपट बहुधा आडवे विणले जात आणि नंतर फिरवून टांगले जात. असे केल्याने झाडांचे बुंधे, वस्त्रांच्या चुण्या अशा उभ्या रेषा बाण्याच्या दिशेत येतात आणि तिथे चीर पडत नाही. त्याऐवजी चित्रातल्या आडव्या सीमांवर चिरा येतात आणि टांगल्यावर पटाच्या वजनाने त्या उघडतात. म्हणून अशा पटात चिरा शिवणे टाळता येत नाही.

लोकर निवडताना रंगांचे धागे सुटे न पाहता एकमेकांना लावून पाहावेत. पॅरिसच्या गोबेलाँ या भित्तिपटांच्या कारखान्यात १८२४ पासून रंगकामाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्रल यांच्याकडे काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली होती. त्यांनी शोध घेतला, तेव्हा दोष काळ्या रंगात नसून त्याच्या शेजारच्या निळ्या-जांभळ्या छटांत असल्याचे आढळले. या अभ्यासावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून मोठा आकार विणण्याआधी, जे रंग शेजारी येणार आहेत, त्यांची बोटभर पट्टी विणून ती चार पावलांवरून पाहावी.

विणून झाल्यावर शेवटचे २ सेंमी पुन्हा सुती दोऱ्याने विणावेत, ताणा एकदम न कापता दोन-दोन धागे कापून लगेच गाठी माराव्यात, आणि वरच्या काठाला मागून कापडी पट्टी शिवून तिच्यातून दांडी ओवावी. फक्त दोन टोकांना दोरी बांधल्यास मधला भाग झुकतो.

टांगायची जागा उन्हापासून दूर असावी. संग्रहालये कापडासाठी प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंत (लक्स हे प्रकाश मोजायचे एकक) मर्यादित ठेवतात. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विणलेला, फ्रान्समधील आँजेर येथील ‘अपोकॅलिप्स’ हा पट दोन्ही बाजूंनी सारखाच नेटका आहे, पण त्याची मागची बाजू आजही अधिक ताजी दिसते, कारण तिच्यावर प्रकाश कमी पडला. आपलाही पट वर्षातून एकदा उतरवून, हलकेच झटकून, मागचा रंग पुढच्याशी ताडून पाहावा. मागची बाजू गडद वाटू लागली, तर त्याच दिवशी भिंत बदलावी.