हातातल्या कसबाला प्रमाणपत्र : खानदेशातील कारागिरांनी आरपीएलची वाट कशी धरावी

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात भर उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळाली, तर शेतकरी कारागिराला प्रमाणपत्र विचारत नाही. संध्याकाळपर्यंत मोटार भरून मिळेल का, एवढेच विचारतो. म्हणून वीस-वीस वर्षे वाइंडिंग, म्हणजे मोटारीत नव्याने तार भरण्याचे काम, करणाऱ्यालाही कागदाची उणीव भासत नाही. ती भासते कारखान्याच्या देखभाल विभागात जागा निघाल्यावर, बँकेत कर्ज मागताना, किंवा सुरतेला गेल्यावर, जिथे त्याला ओळखणारे कोणी नसते आणि मुरलेल्या कारागिरालाही हेल्परचीच मजुरी लावली जाते. अशांसाठी ‘आरपीएल’, म्हणजे आधीच अवगत असलेल्या कौशल्याची मान्यता, ही सोय आहे. अर्ज भरण्यासाठी अनेक कारागिरांसोबत बसल्यावर जे ध्यानात आले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

प्रथम हा कागद काय आहे आणि काय नाही, हे समजून घ्यावे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाला. त्यात प्रत्येक कामाला ज्ञान आणि जबाबदारीनुसार स्तर ठरवून दिलेला आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आरपीएल हा स्वतंत्र घटक असून, त्यात नव्याने काही महिन्यांचे प्रशिक्षण नसते. थोडक्यात उजळणी होते, मूल्यमापन होते आणि उत्तीर्ण झाल्यास प्रमाणपत्र मिळते. मात्र ते आयटीआयच्या राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राची जागा घेत नाही. ज्या जाहिरातीत ‘आयटीआय उत्तीर्ण’ असे स्पष्ट म्हटले आहे, तिथे याचा आग्रह धरून उपयोग नाही. त्यासाठी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खाजगी उमेदवार म्हणून बसण्याचा मार्ग आहे आणि त्याच्या अटी जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये विचाराव्यात. तसेच वायरमनचा परवाना ही निराळी बाब आहे. हे आधी न सांगता प्रमाणपत्र हातात ठेवणे म्हणजे कारागिराची फसवणूक करणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी कामाचे नाव निवडण्याची, आणि माझ्या मते सगळे यश-अपयश इथेच ठरते. आपण ‘मिस्त्री’ म्हणतो, तेव्हा त्यात वीटकाम, गिलावा, फरशी, सळई बांधणे असे सारे येते. पण मूल्यमापन एका ठरावीक कामाचे होते आणि त्या कामात काय काय यायला हवे, याचा लेखी आराखडा असतो. तो आरपीएल घेणाऱ्या केंद्राकडून मागून घ्यावा, वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे ‘रोज करतो’, ‘कधी तरी केले’, ‘केलेच नाही’ अशी खूण करावी. ज्या कामात पहिल्या प्रकारच्या खुणा सर्वांत जास्त, तेच काम निवडावे, मग दुसऱ्या कामाचा स्तर वरचा दिसला तरी.

तिसरी पायरी पुराव्याची. चोपडा तालुक्यातील एका वाइंडिंग कारागिराने मला सांगितले की आपल्याजवळ कागद म्हणून काहीच नाही. त्याच्या टेबलाच्या खणात मात्र वार्निशचे डाग पडलेली शंभर पानी वही होती. जुने वाइंडिंग कापण्यापूर्वी तो प्रत्येक मोटारीचा एचपी, स्लॉट, तारेचा गेज आणि एका कॉइलचे टर्न त्या वहीत उतरवून ठेवत असे, कारण ते चुकले की मोटार तापते. त्याला ती वही म्हणजे रोजची नोंद वाटत होती. माझ्या दृष्टीने तो त्याच्या अनुभवाचा सर्वांत बळकट पुरावा होता. त्याला जोड म्हणून सामान खरेदीच्या पावत्या, काम सुरू असतानाची छायाचित्रे आणि ज्यांच्याकडे काम केले त्यांचे सहीचे पत्र ठेवावे.

नोंदणी स्किल इंडिया डिजिटल या संकेतस्थळावर आधारच्या साहाय्याने होते. आधार, बँक पासबुक आणि शाळेचा दाखला यांवरील नावात फरक असेल, तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा. आरपीएलची तुकडी बाराही महिने सुरू नसते, म्हणून जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात किंवा आयटीआयमध्ये चौकशी करून नाव आधीच देऊन ठेवावे. या योजनेखाली उमेदवाराकडून शुल्क घेतले जात नाही. कोणी पैसे मागितले तर तिथून उठून यावे.

मूल्यमापनात प्रात्यक्षिक, लेखी प्रश्न आणि तोंडी विचारणा असते. प्रात्यक्षिकात आपली माणसे क्वचितच अडतात. अडतात ती सुरक्षितता आणि शब्दांपाशी. वर सांगितलेला कारागीर भरलेली मोटार टेस्ट लॅम्प लावून पाहत असे. वीजपुरवठा देण्यापूर्वी मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजण्याच्या उपकरणाने, तारेवरचे इन्सुलेशन का तपासावे, हे त्याला सांगता येत नव्हते. आठवडाभर त्याने मुलाला शेजारी बसवून प्रत्येक काम हाताने करता करता तोंडाने सांगण्याचा सराव केला. हा सराव प्रत्येकाने करावा. घरी अहिराणी बोलणाऱ्याने तो प्रमाण मराठीत करावा आणि हत्यारांची इंग्रजी नावेही कानावरून जाऊ द्यावीत.

सुतार, लोहार, सोनार, कुंभार, शिंपी, गवंडी यांच्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आधी पाहावी. तिच्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. मोटार वाइंडिंग त्यांत नाही, जळगावच्या सराफा बाजारात दागिने घडवणारा कारागीर मात्र बसतो. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो आणि गावात पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे होते. आपल्या व्यवसायाची नोंदणी सध्या स्वीकारली जाते का, हे सीएससी (सामायिक सेवा) केंद्रावर आधी विचारून घ्यावे.

प्रमाणपत्र हाती आल्यावर त्यावरील नाव, कामाचे नाव आणि स्तर तपासावा, ते डिजिलॉकरमध्ये घ्यावे आणि दोन प्रती काढून एक दुकानात लावावी, दुसरी सुरतेच्या पिशवीत ठेवावी.