चेनसाठी लेबर चार्ज कशाला?

फ्री सर्व्हिसची कुपनं संपेपर्यंत मोटरसायकल शोरूमलाच न्या. तिथे मजुरी लागत नाही आणि वॉरंटीचे वाद टळतात. नंतर मात्र चेनच्या कामाला पैसे मोजू नका.

गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चालू इंजिनवर चेन पुसायला जाणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकात) जातात. ब्रशने रॉकेल लावून चिखल काढा, कोरडं पुसा. पेट्रोल नको, ओ-रिंगचं (चेनच्या कड्यांमधल्या छोट्या रिंगांचं) रबर खराब होतं. मग 90 नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडा आणि जादा पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटून चेन घासली जाते.

आता ढील, म्हणजे चेनचा सैलपणा. खालच्या पट्ट्यात मधोमध चेन वर-खाली हलवा. बहुतेक कम्यूटर (रोजच्या ये-जा करायच्या) गाड्यांना 20 ते 30 मिमी लागते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. चाक फिरवत तीन-चार जागी मोजा, सगळ्यात ताठ जागेवर ढील बसवा. एक्सल नट (मागच्या चाकाच्या दांड्याचा) सैल करून दोन्हीकडचे अ‍ॅडजस्टर (चेन ताणायचे स्क्रू) सारखेच फिरवा, खुणा जुळवा, नट पक्का आवळा. चेन फार ताणली तर खड्ड्यात गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकल्यावर ब्रेक पेडलचा प्लेही (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) पुन्हा लावा.

स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकलेत? मग नुसती चेन नको, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा अख्खा सेट बदला.