जुनं तारेचं कंपाऊंड बदलताय? मिनी पोकलेन बोलावण्याआधी या चुका टाळा

ऊस तुटून गेला, रान मोकळं झालं, की कोल्हापूर भागात बरेच जण बांधाकडेचं जुनं कंपाऊंड काढायला घेतात. सिमेंटचे खांब कलंडलेले असतात, लोखंडी अँगल जमिनीलगत गंजून पातळ झालेले असतात आणि तार घायपातात नाहीतर बाभळीच्या बुंध्यात रुतून बसलेली असते. मिनी पोकलेन येतो, ऑपरेटर विचारतो, "मालक, कुठनं सुरू करू?" आणि मालक हात करून सगळा बांधच दाखवतात. बहुतेक नुकसानीची सुरुवात इथेच होते.

मशीन तासावर असतं. ते सुरू झालं की त्याला रिकामं ठेवणं जीवावर येतं आणि जे हाताने करायचं तेही त्याच्याच बकेटखाली ढकललं जातं. म्हणून मशीन कुठे लावायचं यापेक्षा ते कुठे लावायचं नाही, हे आदल्या दिवशीच ठरलेलं हवं. ज्या बांधावर मशीन येण्याआधी माणसं पहार, कुदळ आणि पक्कड घेऊन फिरून गेलेली असतात, तिथे मशीनचे तासही कमी लागतात आणि कंपाऊंडही टिकतं.

जुना खांब म्हणजे हद्द नव्हे

कंपाऊंड घालताना आजोबांनी बांधावर चालायला जागा राहावी म्हणून हातभर आत खांब रोवलेले असू शकतात, किंवा शेजाऱ्याशी तोंडी ठरवून हातभर बाहेर. जुन्या रेषेवर डोळे झाकून नवे खांब रोवले की ती चूक पुढच्या पिढीकडे जाते. आणि मशीनने बांध सपाट केला की जुनी रेषाही जाते, हद्दीचा दगडही जातो. मग वाद सुरू झाला तर दाखवायला हातात काहीच उरत नाही.

शंका असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घेऊनच बांधावर उभे राहा. लगतच्या खातेदारांना मोजणीची नोटीस जातेच, तरी घरी जाऊन सांगितलेलं बरं. सरबांध, म्हणजे दोघांचा सामाईक बांध, असेल तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय त्याला हातच लावू नका. हद्दीच्या खुणा जपणं ही जमीनधारकाचीच जबाबदारी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे त्या मुद्दाम काढल्या किंवा बिघडवल्या तर दंड होतो.

मशीन येण्याआधी प्रत्येक दगड कुदळीने मोकळा करा आणि त्यावर चुना मारा. मग प्रत्येक कोपऱ्यापासून सरळ आत 5 फुटांवर एक लोखंडी खुंटी ठोका. हे अंतर आणि विहीर किंवा एखादं मोठं झाड अशा न हलणाऱ्या दोन वस्तूंपासूनचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा, टेप दिसेल असा फोटो काढा. बांधाची माती कितीही उलटीपालटी झाली तरी कोपरा परत सापडतो.

बांधावरून पाणंद किंवा वहिवाटीची गाडीवाट जात असेल तर तार ओढून ती बंद करू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार असा अडथळा काढायला लावू शकतात. कष्टाने घातलेलं कंपाऊंड स्वतःच उपटायची वेळ येते.

तार अंगावर असताना खांबाला हात लावू नका

सर्वात धोक्याची चूक हीच. खांबाला तार तशीच ठेवून बकेटने खांब ओढला की तार ताणत जाते आणि तुटली की सपकन मागे येते. तिथे उभ्या असलेल्या माणसाचा डोळा जाऊ शकतो. तुटलेली तार मशीनच्या ट्रॅकमध्ये गुंडाळली गेली तर ती सोडवण्यात तास जातो, आणि तो तासही तुम्हालाच भरावा लागतो.

आधी घायपात, घाणेरी, काटेरी झुडपं कोयत्याने साफ करा. चामड्याचे हातमोजे, जाड बूट आणि चष्मा घालून दोन खांबांच्या मध्ये तार कापा. कापताना दोन्ही बाजूंना तार पायाखाली किंवा दगडाखाली दाबलेली हवी. तुकडे लगेच वेटोळं करून एकाच जागी टाका. झाडाच्या बुंध्यात शिरलेली तार ओढून काढत बसू नका, सालीलगत दोन्ही बाजूंनी छाटून टाका. गंजक्या तारेने कातडं फाटलं तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

तारेचा एक तुकडाही बांधावर राहू देऊ नका, हे मी जरा जोर देऊनच सांगतो. आपल्याकडे बांधाचं गवत आणि उसाचं वाडं थेट गोठ्यात जातं. गवतात अडकलेला वीतभर तुकडा कडबाकुट्टीत गेला की त्याचे बोटाएवढे टोकदार तुकडे होतात आणि म्हैस ते चाऱ्याबरोबर गिळते. ती चारा नीट चावून खात नाही, गिळून मग रवंथ करते, त्यामुळे टोचेपर्यंत तिला कळत नाही. तार पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसते आणि तिथून पडदा भेदून हृदयाच्या आवरणापर्यंत पोचू शकते. म्हैस खाणं सोडते, दूध तोडते, पुढचे पाय फाकवून उभी राहते, आणि बऱ्याचदा कारण कळेपर्यंत उशीर झालेला असतो. काम संपल्यावर जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून बांधाच्या कडेने ओढत न्या. काय काय चिकटून येतं ते बघाच.

जमिनीखाली आणि डोक्यावर

कोल्हापूर जिल्ह्यात उपसा जलसिंचनाच्या पाइपलाइन शेताशेतांतून गेल्या आहेत, आणि त्या बऱ्याचदा बांधाकडेनेच जातात. त्यात मोटारीची केबल, ठिबकची सबमेन, जुना सिमेंट पाइप. ज्या संस्थेचं पाणी आहे तिच्या पाटकऱ्याला आधी बांधावर बोलवा. लाइन कुठून वळली आहे हे कागदापेक्षा त्यालाच जास्त माहीत असतं. संशय असेल तिथे हाताने आडवा चर घेऊन पाइप डोळ्यांनी बघा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना 3 फूट मशीन लावू नका. मोटारीचा स्टार्टर बंद करून पेटीला कुलूप घाला आणि किल्ली खिशात ठेवा.

वर 11 केव्हीची तार असेल तर बूम उचलताना तिच्या 3 मीटरच्या आत काहीही जाता कामा नये. तारा झोळ पडून खाली आल्या असतील तर महावितरणला कळवून लाइन बंद करून घ्या. आणि कंपाऊंडची तार विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला कधीही बांधू नका.

विहिरीच्या आणि ओढ्याच्या काठाला मशीन नेऊ नका. जुन्या विहिरीचं बांधकाम वरून धड दिसतं, पण आतून माती सुटलेली असते. तेवढे चार खांब हातानेच बदला.

खांब तिरका ओढला की मोडतो

बकेटच्या दाताने खांब बाजूला ढकलला तर सिमेंटचा खांब जमिनीलगत मोडतो आणि दोन फुटांचं खोड आत राहतं. नेमका तिथेच नवा खड्डा घ्यायचा असतो. पहारीने दोन-तीन बाजूंनी माती सैल करा, उन्हाळा असेल तर आदल्या संध्याकाळी बुंध्यात घागरभर पाणी ओता. मग जमिनीलगत साखळीचे दोन वेढे घालून खांब सरळ वर उचला. साखळी वजन उचलायचीच हवी. नायलॉनचा दोर किंवा बैलगाडीची साखळी चालणार नाही. ओढताना बूमच्या पल्ल्यात माणूस नको.

आंबा, फणस, जांभूळ, साग अशी झाडं मध्ये आली तर मशीनने उपटू नका. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 खाली त्यांना परवानगी लागते. तार फूटभर आत वळवणं कधीही सोपं.

खड्डा: सगळं कंपाऊंड इथे टिकतं किंवा पडतं

मिनी पोकलेनचं सर्वात अरुंद बकेट साधारण फूटभर रुंद असतं, पण त्याने फूटभर चौरस खड्डा होत नाही. बकेट कमानीत फिरतं, त्यामुळे 2 फूट खोल जायला वरून अडीच फूट लांब खड्डा होतो. हाताने घेतलेला 1 फूट चौरस आणि 2 फूट खोल खड्डा म्हणजे 2 घनफूट. मशीनचा तोच खड्डा 5 घनफुटांपर्यंत जातो. 1:3:6 च्या (सिमेंट, वाळू, खडी) मालात सिमेंटच्या एका पोत्यातून साधारण 8 घनफूट काँक्रीट होतं. म्हणजे हाताचे चार खड्डे भरतील तेवढ्या पोत्यात मशीनचे दीडच भरतात. सिमेंट वाचवायला लोक मग अर्धा खड्डा सुट्या मातीने भरतात, आणि पहिल्या पावसात खांब त्या मातीच्या बाजूला झुकतो.

माझा सल्ला असा: कोपऱ्याचे, गेटचे आणि ताणाचे मोठे खड्डे मशीनने घ्या. मधले सगळे खड्डे पहार आणि खोऱ्याने, किंवा मशीनला 9 इंची ऑगर (गोल खड्डा पाडायचा गिरमिट) मिळत असेल तर त्याने. जाळीखाली सलग बीम टाकायचा असेल तरच सलग चर मशीनने काढण्यात अर्थ आहे.

आता माती. पंचगंगेकाठची, शिरोळ-हातकणंगले पट्ट्यातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्या हालचालीत खांब दरवर्षी थोडा वर उचलला जातो. इथे दीड फुटाचा खड्डा कामाचा नाही. किमान अडीच फूट जा, तळ वरच्यापेक्षा रुंद ठेवा म्हणजे काँक्रीटचा खालचा भाग पकडून धरतो, आणि भरावाला तीच काळी माती न वापरता मुरूम वापरा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून धुम्मसने ठोका. एकदम भरून वरून ठोकलेला मुरूम वरचाच दबतो.

पन्हाळा, शाहूवाडी, आजरा या बाजूला अडचण उलटी: वीतभर तांबड्या मातीखाली जांभा किंवा कातळ लागतो. तिथे बकेटचे दात झिजवू नका. ड्रिलने भोक पाडून अँगल सिमेंटने बसवला तर कमी खोलीतही पक्का राहतो.

वेळ साधणं हेही कामच आहे. ओल्या काळ्या रानात मशीन रुततं आणि ट्रॅकखाली माती दगडासारखी दबते. ते पट्टे पुढच्या पिकात दिसतात. पूर्ण वाळल्यावर पहार उडते. वाफसा आला की काम धरा. वळीव सुरू व्हायच्या आत काँक्रीट पुरं झालेलं हवं.

काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन बोटं वर आणि चारी बाजूंनी उतरता ठेवा. जमिनीच्या बरोबरीने किंवा खोलगट सोडला तर पाणी अँगलच्या बुडाशी साचतं, आणि गंज नेमका तिथेच धरतो. जुना अँगल उपटल्यावर बघा, वर-खाली धड असतो आणि जमिनीलगतच चाळणी झालेला असतो.

कोपरा वाकला की सगळी तार सैल

एका तारेत 100 किलो ताण धरला तर पाच तारांचा 500 किलो ताण कोपऱ्याच्या खांबाला आत ओढत असतो. नुसत्या मोठ्या खड्ड्याने तो थांबत नाही. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही रेषांत 45 अंशांत तिरका टेकू हवा, आणि टेकूच्या पायाला स्वतःचं काँक्रीट हवं. टेकू मातीवर टेकवला की तोच मातीत घुसतो. सरळ रेषेतही दर दहा खांबांमागे एक ताणाचा खांब ठेवा.

कोपरे आधी उभे करा, त्यांच्यात सुतळी बांधा, ओळंबा लावून मधले खांब घ्या. एकेक खांब डोळ्याने लावत गेलात तर शंभर फुटांत रेष हातभर सरकते, आणि ती नेमकी शेजाऱ्याच्या बाजूला सरकलेली असते.

काँक्रीटवर गोणपाट टाकून किमान 7 दिवस पाणी मारा आणि त्यानंतरच तार ओढा. दुसऱ्या दिवशी मजूर मोकळे आहेत म्हणून तार ताणली तर काँक्रीट आतून सुटतं. वरून काही दिसत नाही.

पूर, गवे आणि पाचट

2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी जिथे आलं होतं तिथे ओढ्याला आडवी साखळी जाळी घालू नका. वाहून आलेलं पाचट आणि जलपर्णी जाळीत अडकते, जाळीची भिंत होते आणि पाणी खांबासकट सगळं घेऊन जातं. तिथे तीन-चार काटेरी तारा पुरे. राधानगरी पट्ट्यात गव्यासाठी नुसत्या काटेरी तारेवर भरवसा ठेवू नका, आणि कुठल्याही जनावरासाठी तारेत घरगुती वीज सोडू नका. त्यात माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे.

नव्या तारेलगत पाचट पेटवलं तर तारेवरचा जस्ताचा थर जळतो, ताण जातो, आणि दोन पावसाळ्यांत ती तांबडी पडते. कंपाऊंडपासून निदान 10 फूट पट्टा साफ ठेवा. पाचट कुजवलं तर उत्तमच.

काम झाल्यावर बिघाड दिसला तर

सगळ्या तारा एकाच बाजूला सैल झाल्या असतील तर तारा ओढत बसू नका, आधी त्या बाजूच्या कोपऱ्याला ओळंबा लावा. तो आत झुकलेला असेल तर तारा सोडा, टेकूचा पाया उकरून नवीन काँक्रीट भरा आणि मग ताणा. एकच तार सैल असेल तर ताणयंत्राने ओढून घ्या. उन्हाळ्यात किंचित झोळ येणारच, 20 अंशांच्या फरकाने 100 मीटर तार सुमारे अडीच सेंटिमीटर वाढते, ते दुखणं नव्हे.

मधलाच खांब हलत असेल तर भराव बसलेला आहे. वरचा फूटभर मुरूम काढा, पाणी मारून थरांनी परत ठोका. खांब वर उचलला गेला असेल तर हातोड्याने खाली ठोकू नका, काँक्रीट फुटतं. तो काढून अडीच-तीन फूट खोल परत बसवा. गेट जमिनीला घासायला लागलं तर बहुतेक वेळा बिजागरीचा खांब कललेला असतो, म्हणून गेट कापायच्या आधी त्याच्यासमोर ओळंबा धरा. ही सगळी तपासणी पहिला पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास करा, कारण तेव्हा जमीन पहारीला ऐकते आणि मजूर अजून ऊसतोडीत पूर्ण अडकलेले नसतात.