अ‍ॅम्प्लिफायरची घरघर: झाकण उघडण्यापूर्वी

अ‍ॅम्प्लिफायर चालू करताच, गाणे लागण्यापूर्वीच, स्पीकरमधून संथ ‘घूं’ असा आवाज येऊ लागला की पहिला संशय यंत्राच्या पोटातील भागांवर घेतला जातो. माझ्या मते ही घाई आहे. दोष पुष्कळदा केबलमध्ये, जोडलेल्या उपकरणांत किंवा घराच्या वायरिंगमध्ये असतो आणि तो शोधायला मीटरही लागत नाही.

प्रथम स्पीकरच्या तारा काढून पाहावे. तरीही घरघर ऐकू येत असेल, तर ती ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांची किंवा सैल बोल्टची आहे. आवाज स्पीकरमधूनच येत असेल, तर तारा परत जोडून मागच्या सर्व इनपुट केबल काढाव्यात आणि व्हॉल्यूम हळूहळू फिरवावा. आवाज पूर्ण थांबला, तर दोष बाहेर आहे. तो राहिला आणि व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त झाला, तर व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधीच्या भागाकडे पाहावे. मात्र उघडे इनपुटही थोडी घरघर पकडते, म्हणून मधली पिन आणि बाहेरचे कडे तारेने एकत्र डाख दिलेला आरसीए प्लग इनपुटमध्ये खोचून ही चाचणी करावी. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही आवाज तसाच राहिला, तर पॉवर सप्लायवर संशय घ्यावा.

दोष बाहेरचा ठरल्यास एकेक उपकरण जोडत जावे. घरोघरी आढळणारा अपराधी म्हणजे टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स. गच्चीवरील डिशची किंवा केबलवाल्याची वायर बाहेर कुठेतरी जमिनीशी जोडलेली असते आणि अ‍ॅम्प्लिफायर भिंतीतील अर्थिंगला. या दोन वाटांच्या विद्युतदाबात किंचित फरक असला, तरी ऑडिओ केबलच्या शिल्डमधून, म्हणजे बाहेरच्या धातूच्या जाळीतून, 50 हर्ट्‌झचा प्रवाह वाहतो आणि तो सिग्नलमध्ये मिसळतो. बॉक्सची ती वायर क्षणभर काढताच शांतता झाली, तर निदान पक्के. टीव्हीपासून ऑप्टिकल केबल घेतल्यास धातूची जोडणीच उरत नाही. तशी सोय नसेल, तर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांची थेट जोडणी तोडून सिग्नल पुढे देणारा) बसवावा. लॅपटॉपमुळे घरघर येत असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर मागच्या स्क्रूला लावायची राहून गेली, तरीही मोठी घरघर येते, कारण कार्ट्रिजचा (रेकॉर्डवरील सुई धरणाऱ्या भागाचा) सिग्नल अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो.

घरघर घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन तोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कधीही मानू नये. आवाज जाईलही, परंतु आत फेजची तार सुटून धातूच्या खोक्याला लागली, तर खोक्यावर 230 व्होल्ट येतील. खोक्याला हात लावताच घरघर कमी होत असेल, तर सॉकेटमध्ये अर्थिंगच नसण्याची शक्यता असते; ते वायरमनकडून तपासून घ्यावे.

‘घूं’ऐवजी तीक्ष्ण ‘झर्र’ असा आवाज येत असल्यास पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर बंद करून पाहावा. वीज गेल्यावरच आवाज येत असेल, तर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर कारणीभूत असतो.

हे सर्व निष्फळ ठरल्यावरच झाकण उघडावे. पॉवर सप्लायमधील वाळलेले किंवा माथा फुगलेले फिल्टर कपॅसिटर 100 हर्ट्‌झची घरघर देतात. ब्रिजमधील (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडांच्या जोडणीतील) एखादा डायोड तुटला, तर ती 50 हर्ट्‌झची, अधिक खर्जातली होते. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भारित राहतो, म्हणून 1 किलोओहम, 5 वॉटचा रेझिस्टर त्याच्या दोन्ही टोकांना, इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी, सुमारे अर्धा मिनिट लावून व्होल्टेज मीटरने शून्य झाल्याची खात्री करावी; स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नये. हे प्रमाण 50 व्होल्टच्या आसपासच्या ट्रान्झिस्टर संचांसाठी आहे. व्हॉल्व्हच्या संचात कित्येक शे व्होल्ट असतात आणि तो जाणकाराकडेच द्यावा. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा घ्यावा व धन-ऋण टोके दोनदा तपासावीत. पहिल्यांदा चालू करताना स्पीकर काढून ठेवावेत आणि 60 वॉटचा साधा, फिलामेंटचा बल्ब वीजपुरवठ्याच्या फेज तारेत सिरीजमध्ये लावावा: तो क्षणभर पेटून मंदावला तर जोडणी ठीक आहे, प्रखरच राहिला तर तत्काळ स्विच बंद करावा.