टॅब्लेट घ्यायला निघताना बांगडी आणि पट्टी बरोबर न्या

सांगलीत बावीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आला तेव्हा ब्रश ठेवून संगणकाचा उंदीर, म्हणजे माउस, धरला. उंदराने अक्षर काढणं म्हणजे साबणाच्या वडीने सही करणं. आता लोगो, लग्नपत्रिकेतली नावं, मंडळांच्या कमानीची अक्षरं असं सगळं पेन टॅब्लेटवर, म्हणजे संगणकाला जोडून पेनाने काढायच्या पाटीवर, करतो. पुढे नुसतं ‘पाटी’ म्हटलं की हीच. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, ‘पेंटर, कुठला घेऊ?’ मी आधी उलट विचारतो, काढणार काय? बोरूचं अक्षर, ब्रशचं अक्षर की चित्र? प्रत्येकाला वेगळं पेन लागतं.

मोबाईलच्या दुकानात दीडशे-दोनशेला मिळणारं रबरी टोकाचं पेन पहिल्यांदा बाजूला ठेवा. मीही तेच घेतलं होतं. स्क्रीनला ते बोटच वाटतं. दाब कळत नाही, म्हणजे जोर दिला तरी रेघ जाड होत नाही, तळहात टेकला की तिथेही रेघ उठते. हिशेब लिहायला ठीक.

खरं पेन वेगळं. वॅकॉम कंपनीच्या टॅब्लेटमध्ये पाटीखालच्या तारांमधून चुंबकीय लहरी निघतात, पेनातलं वेटोळं त्यावरच चालतं आणि आपली जागा व दाब उलट कळवतं. म्हणून त्या पेनात सेल नसतो. ह्युऑन आणि एक्सपी-पेन या कंपन्यांचीही आजची बहुतेक पेनं बिनसेलची आहेत, पण एका कंपनीचं पेन दुसरीच्या पाटीवर चालेल असं धरू नका. सॅमसंगचं एस पेनही वॅकॉमच्याच तंत्रावर चालतं. गॅलक्सी टॅब एस६ लाइटच्या खोक्यात ते येतं आणि चित्र काढण्यापुरतं त्याला चार्जिंग लागत नाही. ॲपल पेन्सिलचा मामला निराळा, ती चार्ज करावी लागते. तिच्यात प्रकारही चार आहेत. २०२३ची यूएसबी-सी पेन्सिल आपण किती कललो ते ओळखते, पण दाब ओळखत नाही. चित्र काढणाऱ्याने खोक्यावरचं नाव दोनदा वाचावं. दिसायला सगळ्या पांढऱ्या कांड्याच.

दुकानदार सगळ्यात आधी आकडा सांगतो, ‘८१९२ प्रेशर लेव्हल!’ म्हणजे पेन दाबाच्या इतक्या पायऱ्या ओळखतं. माझ्याकडे ४०९६वालं होतं, नंतर ८१९२वालं आलं. हाताला फरक शून्य. फरक पडतो तो किती हलक्या स्पर्शाला रेघ उमटते याने. म्हणून पहिली परीक्षा हीच: पेन नुसतं टेकवा, स्वतःच्या वजनाने सरकवा. रेघ आली तर चांगलं. दाबल्यावरच येत असेल, तर वेलांटीचं शेवटचं बारीक टोक दर वेळी तुटेल.

दुसरी परीक्षा पट्टीची. पाटीवर पट्टी तिरकी ठेवा आणि तिच्या कडेने अगदी सावकाश रेघ ओढा. भरभर ओढलेली रेघ कुठल्याही पाटीवर सरळ दिसते. सावकाश ओढली की काही पाट्यांवर ती सापासारखी वळवळते. सॉफ्टवेअरमधला रेघ आपोआप सरळ करणारा स्टॅबिलायझर लावून हे झाकता येतं, म्हणून तपासताना तो बंद ठेवा. एकदा माझीही रेघ अशीच नाचायला लागली. ड्रायव्हर, म्हणजे पाटी चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकला, केबल बदलली, दोन दिवस गेले. शेवटी कळलं, पाटीखाली फोन होता आणि त्याच्या कव्हराला चुंबक.

तिसरी बांगडीची. लॅपटॉपच्या स्क्रीनची लांबी-रुंदी १६:९ प्रमाणात आणि पाटीची १६:१० असली, तर काढलेला गोल पडद्यावर अंड्यासारखा येतो. पाटीवर बांगडी ठेवून आतून पेन फिरवा. पडद्यावर अंडं आलं, तर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन पाटीचं प्रमाण पडद्याएवढं करा. एका पोराने सहा महिने चपटे ‘ठ’ काढले आणि दोष हाताला देत राहिला.

आता आकार. वॅकॉमच्या इंट्युऑस या साध्या पाटीच्या छोट्या आकाराची कामाची जागा १५२ × ९५ मिलीमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या आसपास. मधल्याची २१६ × १३५. मनगटातून लिहिणाऱ्याला छोटी पुरते. माझ्यासारखा भिंतीवर खांद्यातून फटकारा मारलेला माणूस छोट्या पाटीवर गुदमरतो. शंका असेल तर मधली घ्या. ओटीजी केबलने फोनला पाटी जोडायचा विचार असेल, तर फोन उभा असताना पाटीचा एक पट्टाच कामाला येतो, हे धरून चाला.

अक्षर काढणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. बोरूच्या अक्षरात जाड-बारीक दाबाने येत नाही, कापलेल्या धारेच्या कोनाने येतं. कोन हातात ठरलेला असतो, पेन बोटांत फिरत नाही. म्हणजे देवनागरी बोरूसाठी दाबाचं महागडं पेन लागतच नाही, साध्या पाटीवर काम होतं. पण सॉफ्टवेअरमधले तयार कॅलिग्राफी ब्रश बहुधा रोमन लिपीसाठी असतात. त्यांची धार डावीकडे खाली आणि उजवीकडे वर अशी असते. आपला बोरू उलटा कापतात, धार डावीकडे वर आणि उजवीकडे खाली. क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात ब्रश एडिटर उघडा, ऑटो टिप निवडा, रेशो कमी करून टोक चपटं करा आणि अँगल फिरवत राहा. तपासायला काना काढू नका. पंचेचाळीस अंशाला काना दोन्ही धारांनी सारखाच येतो आणि फसवतो. ‘व’ काढा. पोट वर डावीकडे आणि खाली उजवीकडे भरलं, की कोन बसला. मग त्या ब्रशचा दाबाचा सेन्सर बंद करा, नाहीतर काना मध्येच सुजतो.

चपट्या ब्रशने दुकानाची पाटी रंगवणाऱ्याची गोष्ट उलटी. वळणावर आम्ही ब्रश बोटांत फिरवतो, सगळी करामत तिथेच. ते फिरणं ओळखणारी पेनं थोडीच आहेत. वॅकॉमचं आर्ट पेन आहे, पण ते साध्या इंट्युऑसवर चालत नाही. २०२४ची ॲपल पेन्सिल प्रो आहे, पण तिला नवे आयपॅड लागतात. मी दोन्ही घेतली नाहीत. वळण दोन फटकाऱ्यांत काढतो आणि जोड खोडतो.

चित्रकारांचं मात्र दाबावाचून चालत नाही आणि पडद्यावर थेट काढायची ओढही त्यांनाच जास्त. पडद्याची पाटी घेताना तिरकं बसून पाहा, पेनाचं टोक आणि रेघ यांत फट दिसते का. काच पडद्याला चिकटवलेली असेल तर फट कमी दिसते. किंमत कित्येक पटींनी वाढते आणि मान दिवसभर खाली राहते. माझी भाची आयपॅडवर प्रोक्रिएट या चित्रांच्या ॲपमध्ये काढते आणि एसटीत बसूनही काम संपवते, तिला तेच बरोबर. प्रोक्रिएट आयपॅडशिवाय कुठे चालत नाही, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

बिनपडद्याची पाटी घेतलीत, तर पहिला आठवडा वैताग येईल. हात खाली, डोळे समोर. मी रोज एक पान नुसते काने आणि एक पान ‘ठ’ काढत होतो. दहाव्या दिवशी हात बसला. जुन्या कंपनीचा ड्रायव्हर पूर्ण काढल्याशिवाय नवा टाकू नका. दाब येत नसेल, तर क्रिताच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक हे पेनाचा दाब पोचवायचे दोन पर्याय आलटून पालटून पाहा, दोन्हींपैकी एकावर बहुधा येतो.

निब, म्हणजे पेनाचं बदलता येणारं टोक, घासते. खरखरीत पाटीवर लवकर घासते आणि एका बाजूने तासली जाते. तशी निब दिसते अगदी बोरूसारखी, पण जाड-बारीक काही देत नाही, पाटीला ओरखडे तेवढे देते. खोक्यात जादा निब येतात, घासलेली निब काढायचा चिमटाही येतो. तो चिमटा हरवतो. माझा दोनदा हरवला, आता भुवया उपटायच्या चिमट्याने काढतो.