गांधीलमाश्यांचं पोळं काढताय? आधी या चुका टाळा

फुलांवर फिरणारी, जुनं लाकूड खरवडणारी किंवा पाणी प्यायला उतरलेली गांधीलमाशी माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. ती चावते ती पोळ्याजवळ. कुणाचा तरी धक्का लागतो, खिडकी धाडकन उघडते, नाहीतर कुणी काठी घेऊन पोळं पाडायला निघतं. म्हणजे पोळं आहे तिथे आहे यापेक्षा ते घाईघाईने काढायला जाणं जास्त धोक्याचं. इथे ज्या चुका सांगतेय, त्यातल्या बहुतेक याच घाईतून होतात.

कुणाचं पोळं आहे ते न बघताच फवारा मारणे

आधी लांबून नीट बघा. कागदी गांधीलमाशीचं, म्हणजे लाकूड चघळून कागदासारखं पोळं बांधणाऱ्या माशीचं, पोळं करड्या रंगाचं असतं, उघड्या छत्रीसारखं एकाच बारीक देठावर लटकलेलं. त्याची षटकोनी घरं खालून उघडी दिसतात, वर कसलंही आवरण नसतं. गांधीलमाशीची कंबर अगदी बारीक असते आणि उडताना तिचे लांब पाय खाली लोंबकळतात. मधमाशी जरा गुबगुबीत आणि केसाळ असते, तिचं पोळं मेणाचं असतं. पोळं मधमाश्यांचं निघालं तर औषध अजिबात मारू नका. मधमाश्या पाळणाऱ्या किंवा पोळी सुरक्षित हलवणाऱ्या माणसाला बोलवा.

पोळं सगळीकडून बंद, चेंडूसारखं गोल असेल आणि आत जायला एकच भोक असेल, तर ते कागदी गांधीलमाशीच्या दुसऱ्या नातलगांचं आहे. त्यात शेकडो, कधी हजारो माश्या असू शकतात. तिथे घरगुती प्रयोग नकोतच, किडे नियंत्रणाचं काम करणारी माणसंच लागतात. आणि भिंतीवर चिखलाची मडकी किंवा नळ्या चिकटवलेल्या दिसल्या तर ती कुंभारीण माशी. ती एकटी राहते, घराच्या राखणीसाठी अंगावर धावून येत नाही. तिच्यासाठी औषधाची बाटली काढायची काहीच गरज नाही.

दिसलं पोळं की काढलंच पाहिजे, असं धरून चालणे

गांधीलमाश्या आपल्या पिल्लांना झाडांवरच्या अळ्या चावून, त्यांचा गोळा करून भरवतात. भाजीच्या वाफ्यावरच्या कितीतरी अळ्या अशा कमी होतात. त्यामुळे पोळं छपराच्या उंच कोपऱ्यात असेल, खालून कुणाची ये-जा नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: राहू द्या. कडाक्याची थंडी पडते अशा भागात हिवाळ्याआधी सगळी वसाहत मरते, फक्त नव्या राण्या फटींत दडून राहतात, आणि जुनं पोळं सहसा पुन्हा वापरलं जात नाही. उबदार हवेत मात्र पोळं बरेच महिने नांदतं, त्यामुळे तिथे नुसती वाट बघून भागत नाही.

दाराच्या चौकटीवर, जिन्याच्या कठड्याखाली, मुलांच्या खेळायच्या जागी, रोज उघडायच्या खिडकीत, मीटरच्या पेटीत किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये पोळं असेल तर ते काढावंच लागतं. घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर जवळपासचं कुठलंही पोळं ठेवू नये.

पोळं मोठं होईपर्यंत दुर्लक्ष करणे

सुरुवातीला एकच मादी, किंवा दोन-चार माद्या मिळून, देठ तयार करून त्याला काही घरं जोडतात. तेव्हा पोळं जेमतेम नाण्याएवढं असतं. या दिवसांत माशी बाहेर गेल्यावर लांब दांड्याच्या झाडूने ते खरवडून टाकलं की बहुतेक वेळा काम होतं, औषध लागतच नाही. पुढच्या पिढीच्या कामकरी माश्या बाहेर पडल्या की त्याच पोळ्यावर डझनावारी पहारेकरी बसतात आणि सोपं काम अवघड होऊन बसतं.

म्हणून पोळी बांधायचा हंगाम सुरू झाला की आठवड्यातून एकदा मान वर करून फेरी मारा. छज्ज्याची खालची बाजू, खिडकीची चौकट, गेटची पोकळ नळी, उलटी ठेवलेली कुंडी, बागेतल्या खुर्चीची बैठक खालून बघा. पावसापासून आडोसा आणि वर घट्ट आधार, एवढंच त्यांना हवं असतं.

काठी, पाण्याचा पाइप आणि आग

काठी मारली की पोळं खाली पडतं, पण माश्या शाबूत राहतात आणि चवताळतात. यांच्या डंखाला मधमाशीसारखे उलटे काटे नसतात, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा चावू शकते. शिवाय काही जातींत विषाचा वास सुटला की बाकीच्याही सावध होतात. चिरडलेल्या माशीजवळ उभं राहू नये ते यासाठीच. पाण्याच्या जोरदार धारेनेही हेच होतं. पोळं फुटतं, माश्या उरतात, आणि बऱ्याचदा त्याच जागी नवं बांधकाम सुरू होतं.

पेटता बोळा किंवा पेट्रोल तर कुठल्याही परिस्थितीत नको. पोळं कागदाचं, वर बऱ्याचदा लाकडी छप्पर किंवा वायरी, आणि ज्वाळा वरच जाते. पेट्रोलची वाफ लांबवर पसरून भडकते. काही माश्यांपायी घर पेटवून घेण्यासारखं हे आहे.

माश्या देतात ती सूचना न ओळखणे

पोळ्यावरच्या माश्या सहसा एकदम हल्ला करत नाहीत. तुम्ही जवळ गेलात की त्या आधी काम थांबवतात आणि एकेक करून तोंड तुमच्याकडे वळवतात. मग पंख उचलून अंगापासून दूर धरतात, पुढचे पाय उंचावतात, काही जणी पोळ्याच्या कडेला येऊन उभ्या राहतात. यानंतर थोडीशी हालचालही पुरते. सगळ्यांची डोकी तुमच्याकडे वळलेली दिसली की हळूच, हात न हलवता मागे सरका. एखादी अंगावर आलीच, तर मात्र झटापट न करता चेहरा झाकून सरळ तिथून पळा आणि दार बंद करा.

भर दुपारी आणि शिडीवर चढून फवारणे

दुपारी निम्म्या माश्या बाहेर असतात. त्या परत येतात तेव्हा तुम्ही पोळ्याखालीच उभे असता. अंधार पडल्यावर किंवा पहाटेच्या गारव्यात बहुतेक सगळ्या पोळ्यावर असतात आणि सुस्तही असतात, तीच वेळ घ्या. टॉर्च हातात धरू नका, चिडलेली माशी उजेडाकडे झेपावते. तो बाजूला कुठेतरी ठेवा आणि त्यावर लाल कागद लावा. लाल उजेड त्यांना नीट दिसत नाही.

डासांसाठीच्या साध्या स्प्रेला फार जवळ जावं लागतं, म्हणून तो इथे उपयोगाचा नाही. गांधीलमाश्यांसाठीचा, काही मीटर लांब धार टाकणारा फवारा घ्या. लेबल पूर्ण वाचा, पूर्ण बाह्या, मोजे, हातमोजे आणि चश्मा घाला, वारा पाठीकडून ठेवा आणि पळायची वाट आधीच मोकळी करा. शिडीवर हे काम करूच नका. माशी तोंडावर आली की हात आपोआप सुटतो, आणि डंखापेक्षा पडण्याची दुखापत मोठी असते. जमिनीवर उभं राहून धार पोहोचत नसेल तर ते काम तुमचं नाही, माणूस बोलवा. मीटर, वायरी किंवा एसीवर तर काहीच फवारू नका, साबणाचं पाणीही नाही. या फवाऱ्यांतली औषधं पाण्यातल्या माशांना आणि मांजरांना घातक असतात, त्यामुळे मत्स्यपेटी झाकून तिचा हवेचा पंप थोडा वेळ बंद करा आणि मांजर लांब ठेवा.

साबणाचं पाणी काम करतं, पण माशी पूर्ण भिजली तरच. तिच्या अंगावरच्या श्वास घ्यायच्या छिद्रांत ते शिरतं. चार-पाच माश्यांच्या लहान पोळ्यापुरतं ते ठीक आहे. भरलेल्या पोळ्यावर वापरलं तर निम्म्या कोरड्या राहतात आणि त्याच तुमच्या मागे लागतात.

माश्या आत असताना भोक बुजवणे

पोळं गेटच्या नळीत किंवा भिंतीच्या फटीत असेल तर सिमेंटचा बोळा कोंबायचा मोह होतो. आत कोंडलेल्या माश्या दुसरी वाट शोधतात, आणि ती वाट तुमच्या खोलीत निघू शकते. आधी माश्यांचा बंदोबस्त करा. दोन-तीन दिवस ये-जा पूर्ण थांबलेली दिसली की मगच भोक बुजवा. हवेच्या झरोक्यांना बारीक जाळी लावा.

पोळं पाडलं आणि विसरून गेलो

फवारल्यावर रात्रभर हात लावू नका. दुसऱ्या दिवशी हालचाल नाही याची लांबून खात्री करून पोळं पाडा आणि पिशवीत घट्ट बांधून टाका. देठ तसाच ठेवू नका, तोही खरवडून जागा साबणाने घासून घ्या. बाहेर राहिलेल्या काही माश्या पुढचे काही दिवस त्या रिकाम्या जागेभोवती घुटमळतात. राखायला पोळंच उरलेलं नसल्याने त्या फारशा आक्रमक नसतात, त्यांच्यामागे पुन्हा औषध घेऊन धावू नका.

साखरपाण्याच्या सापळ्यांवरही भिस्त ठेवू नये. कागदी गांधीलमाश्या त्यात फारशा येत नाहीत, पण इतर किडे जमतात. खोटं पोळं टांगून त्या पळतील असं मानणंही चूक आहे. एकाच छज्ज्याखाली त्यांची खरी पोळी शेजारी शेजारी सर्रास दिसतात.

चावल्यावर काटा शोधत बसणे

गांधीलमाशी काटा मागे सोडत नाही, त्यामुळे चिमट्याने उकरू नका. आधी तिथून दूर व्हा. हातावर चावली असेल तर सूज चढण्याआधी अंगठी आणि बांगड्या काढा, जागा साबणाने धुवा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-वीस मिनिटं लावा. सूज एक-दोन दिवस वाढत गेली तरी घाबरण्यासारखं नाही. माती, टूथपेस्ट असलं काही चोळू नका.

खरी भीती वेगळ्या लक्षणांची आहे: श्वास लागणे, ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, डंखापासून दूर अंगभर गांधी उठणे, चक्कर, उलट्या. यातलं काहीही दिसलं तर एक मिनिटही न घालवता रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी ॲड्रेनलीनचं पेन (स्वतःच टोचून घ्यायचं तयार इंजेक्शन) दिलेलं असेल तर ते लगेच मांडीत टोचा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा, श्वास लागत असेल तर मात्र बसवून ठेवा, पण चालवू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. तोंडात किंवा घशात डंख बसला, किंवा एकदम खूप डंख बसले, तरीही डॉक्टरकडेच न्या.

ज्यांना आधी एकदा असा त्रास झाला आहे त्यांनी पोळ्याच्या कामात पडूच नये. त्यांनी ॲलर्जीच्या तज्ज्ञाला भेटावं. विषाचे अगदी छोटे, हळूहळू वाढवत नेलेले डोस देऊन शरीराला सवय लावणारे उपचार उपलब्ध आहेत, आणि पुढच्या डंखाचा धोका त्यांनी बराच कमी होतो.